अस्वलावरची हिरवी खूण

वॉटफर्डच्या ट्रेनमध्ये रोज समोर बसणारे एक गृहस्थ मार्चभर मोबाइलवर अमेरिकेतल्या कॉलेजांचे बास्केटबॉल सामने बघतात. सामना आदल्या रात्रीचा असतो, म्हणून निकाल कुठे दिसू नये यासाठी टोपी डोळ्यांपर्यंत ओढलेली.

परवा मी फोनवर मराठी बोलले आणि त्यांना श्रोता मिळाला. "ताई, शेवटची दोन मिनिटं अर्धा तास चालतात! ऑफिसातले लोक टीमच्या चिन्हावरचा प्राणी बघून विजेता ठरवतात! आणि निकाल आधीच फोडणारे तर...!"

सहानुभूतीने मान डोलावत मी कामांची यादी लिहायला वही उघडली. पहिल्याच पानावर ऑफिसच्या अंदाज-स्पर्धेचा माझा तक्ता होता. ते बघत होते त्याच, आदल्या रात्रीच्या सामन्यातल्या अस्वलावर ठळक, हिरवी, बरोबरची खूण.

त्यांनी सामना अर्ध्यावरच बंद केला. "अस्वलच का?"

"गोड दिसत होतं," मी खरं ते सांगितलं.

आज ते दोन डबे पुढे बसले. मी तक्ता शेवटच्या पानावर हलवला आहे.