घरच्या कापसाचे बोळे

तहसील कचेरीसमोर अर्ज लिहिण्यात माझी हयात गेली. शिक्षण नववीपर्यंतच झाले असले, तरी माझ्या मसुद्यातील शब्द बदलण्याची वेळ साहेबांवर क्वचितच आली. त्या वर्षांत बहुतेक अर्ज बीटी कापसाच्या नुकसानभरपाईचे असत. या वाणाला फवारणी लागत नाही, असे ऐकून लोकांनी पेरा केला, आणि तुडतुडे व पांढरी माशी यांच्यापायी पाठीवरचा पंप काही उतरला नाही. पिंपळगाव राजा येथील आमच्या शेतातही तेच.

भाव नसल्याने त्या दिवाळीत वेचलेला कापूस समोरच्या खोलीत आढ्यापर्यंत भरला होता. साठवलेल्या कापसाने अंगाला खाज सुटते. आम्ही सारे खाजवत आणि चिडचिडत मागच्या खोलीत दिवस काढत होतो. अशात मुलगी खामगावच्या कॉलेजातून माशांच्या बाटल्या घेऊन आली. सुट्टीत कॉलेजला कुलूप, पण माशांची वीण थांबत नाही.

पिकल्या केळ्यावर घोंघावतात त्या चिलटाएवढ्या माशा. लांब पंखांच्या व खुरट्या पंखांच्या माशांचा संकर केला, की पहिली पिढी सारी लांब पंखांची निपजते. तिच्या पोटी खुरटे पंख पुन्हा येतात, तीन लांब पंखांच्या माशांमागे एक, या प्रमाणात. हे प्रमाण पडताळून प्रयोगवहीवर सही मिळाली, तरच मुलीला परीक्षेस बसता येणार होते.

बाटल्यांच्या तोंडाला कापसाचे बोळे लागत. तिने मेडिकलमधला कापूस मागितला, तेव्हा तिची आई म्हणाली, "घरात आढ्यालोक कापूस हाय, अन् इकत काऊन आनता? लोकं हासतीन." मलाही ते पटले. टपोऱ्या बोंडांतला पांढराशुभ्र कापूस निवडून, सरकी काढून, मी स्वतः बोळे वळून दिले.

पहिली पिढी कॉलेजातच झाली होती; घरी दुसरी निघाली. माशांना गुंगी आणून मुलगी त्या पांढऱ्या कागदावर कुंचल्याने निवडू लागली. खुरट्या पंखांच्या फारच कमी भरल्या.

"तिनाले एक नाही येऊन राह्यलं, बाबा. पाचाले एकबी नाही."

"मंग तिनाले एक लिही ना. अर्ज कायद्यात बसवाच लागते, बाई. बाकीच्या पोरी काय लिहितीन?"

"बसवेलच लिहितीन. पन थोडा फरक नशिबानं पडते, अन् तो किती पडू शकते याचं गनित हाय. हा त्याच्याहून लय जास्त हाय. काहीतरी मारून राह्यलं यायले."

मग तिने बोळे काढून पाहिले. खुरट्या पंखांच्या माशा काचेवरून चढून बोळ्याला चिकटून बसत. उडून दूर जाणे त्यांना जमत नसे. बोळ्याखाली, तळच्या खाद्यात त्यांचाच सडा चिकटला होता; मोजणीत त्या आल्याच नव्हत्या. तिने बोळा हुंगला.

"याच्यावर औषध मारलं होतं ना?"

"सारेच मारतात," मी म्हणालो.

उरलेल्या माशा तिने दोन बाटल्यांत वाटल्या. एकीला आमचा बोळा, दुसरीला जुन्या धुतलेल्या लुगड्याची चिंधी. सकाळी आमच्या बोळ्याखाली खुरट्या पंखांच्या माशा उताण्या पडल्या होत्या. चिंधीखाली त्या फिरत होत्या.

सुट्टीनंतर तिने खरेच आकडे दाखवले. सर म्हणाले, "कारण बरोबर शोधलंस. पण सही पडताळलेल्या प्रमाणावर मिळते. पुन्हा कर." परीक्षेपूर्वी एवढीच एक संधी उरली होती.

मी मेडिकलात गेलो. दुकानदार चाचा माझ्याकडूनच अर्ज लिहून घेत. ते म्हणाले, "क्या वकीलसाब, घर कापसानं भरेल, अन् पुडा नेऊन राह्यले? कोनाले लागलं काय?"

"नाही. माशा पाळायच्या आहेत," मी सांगितले. त्यांनी पुडा काढून दिला.

या खेपेस फरक नशिबाच्या हिशेबात बसला, आणि सही झाली. समोरच्या खोलीतला कापूस तसाच पडून होता. देवाजवळच्या दिव्याची वात तिच्या आईने मेडिकलच्या पुड्यातल्या उरलेल्या कापसाची वळली. घरच्या कापसाची वात आमच्याकडे त्यानंतर कधी लागली नाही.