अस्सल बरहुकूम नक्कल

प्रयोगशाळेत सगळे त्याला शंकासुर म्हणत. तोंडावर नव्हे, पण त्याला ते ठाऊक होतं, कारण पाठीमागे कोण काय बोलतं हे हुडकून काढणं हाच तर त्याचा जोडधंदा! कुलूप लावलं की ओढून बघायचं, जिन्यापर्यंत जायचं, परत येऊन पुन्हा ओढायचं. चहा जरा अगोड लागला की याच्या मनात पाल चुकचुकलीच, कोणीतरी आपला कप बदलला म्हणून.

पण त्यात त्याचा तरी काय दोष म्हणा! वडील कोर्टात नक्कलकारकून होते. कागद उतरवायचा आणि खाली जुन्या वळणाने लिहायचं, ‘अस्सल बरहुकूम नक्कल’. म्हणजे मुळात जसं आहे तसंच, काना-मात्रेचा फरक नाही. “एका टिंबाने चिंतेची चिता होते रे बाबा,” असं ते जेवतानासुद्धा बजावायचे. पोरगा त्याच बाळकडूवर वाढला आणि झाडांच्या प्रयोगशाळेत तंत्रसहायक झाला. लग्न केलं नाही. मुली सांगून आल्या, पण प्रत्येकीत याला काहीतरी काळंबेरं दिसलं.

एकच माणूस त्याच्या संशयातून सुटलेलं होतं, ते म्हणजे धाकट्या बहिणीची मुलगी. तिला त्याने अंगाखांद्यावर खेळवलं होतं. ती शिकून मोठी झाली, तेव्हा शब्द टाकून त्यानेच तिला आपल्या हाताखाली घेतलं. पहिल्याच दिवशी बजावलं, “हे बघ, इथे मामा-बिमा चालायचं नाही. इथे मी सर.”

“बरं मामा,” ती म्हणाली, आणि जीभ चावून हसली. पुढेही तिचं तेच. “मामा, हातमोजे संपले.” “मामा, डबा गार होतोय.” तो डोळे वटारायचा आणि मनातून सुखावायचा. बहीण सोडली तर जगात त्याला नात्याने हाक मारणारं दुसरं होतं कोण?

मग वरच्या मॅडमनी नवं काम काढलं आणि त्या परिषदेला निघून गेल्या. काढलेलं काम असं: झाडाच्या पेशीत तंतुकणिका असतात, पेशीची ऊर्जाघरंच ती. त्यांच्याजवळ स्वतःचा थोडा जनुकांचा मजकूर असतो. वापरायचा झाला की आधी त्याची नक्कल निघते आणि तिच्यावरून प्रथिन बनतं. आता मूळ मजकूर आणि नक्कल, दोन्ही वाचून ताडून बघायची होती. रोपं दोन प्रकारची होती. एक कुंड्यांची रांग तरारलेली, दुसरी खुरटी, पिवळट, बघवत नव्हती.

ताडून बघायला शंकासुरासारखा माणूस शोधून सापडला नसता. निकाल आले आणि त्याच्या कपाळावर आठी चढली. खुरट्या रोपांची नक्कल मुळाशी तंतोतंत जुळत होती. तरारलेल्या रोपांत मात्र एक अक्षर बदललेलं. पुन्हा केलं, तरी तेच अक्षर, त्याच जागी.

चूक असती तर इकडेतिकडे झाली असती. दर वेळी एकाच जागी म्हणजे कोणीतरी नमुन्यांच्या नळ्या बदलतंय! आणि निरोगी रोपांच्या नळ्या भरत कोण होतं? भाची.

मन मानेना. पण मन मानत नाही म्हणून संशय थोडाच जातो? त्याने गुपचूप पाळत ठेवली. तिच्या नळ्यांच्या बुडाला बारीक खुणा केल्या, फ्रीझरची किल्ली गळ्यात अडकवली आणि सगळं काम एकदा स्वतःच्या हाताने केलं. निकाल तोच! दुसरा कोणी असता तर इथे थांबून विचार करता. याने काय ठरवलं, तर हिच्याकडे दुसरी किल्ली आहे.

जेवणाच्या सुट्टीत ती दोघांचे डबे उघडत होती. तो म्हणाला, “दुसरी किल्ली काढ.”

“कसली किल्ली, मामा?”

“साळसूदपणा पुरे. तुझ्या नळ्यांच्या बुडाला माझ्या खुणा आहेत.”

तिने एक नळी उचलून उलटी केली, खूण पाहिली. “मला विचारायचं तरी होतं,” एवढंच म्हणाली. स्वतःचा डबा तिने झाकला, त्याचा उघडाच ठेवला आणि निघून गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही.

मॅडम परतल्या. त्याने भाचीच्या गुन्ह्यांचा पाढा वाचला. मॅडमनी कपाळाला हात लावला.

“अहो, कुणी काही बदललेलं नाही! झाडच बदलतं ते. मूळ मजकुरात ते अक्षर चुकीचंच असतं. नक्कल निघाली की पेशीच्या केंद्रकाकडून आलेलं एक प्रथिन बरोबर तिथे बसतं आणि ते अक्षर दुरुस्त होतं. कुठली नक्कल टिकवायची, कुठली मोडीत काढायची, त्यातही बराचसा कारभार केंद्रकाचाच. या खुरट्या रोपांत आपण तो दुरुस्तीवालाच मोडून ठेवलाय. म्हणून तर त्यांची ही दशा! तुम्हाला सांगून जायला मी साफ विसरले बघा.”

“म्हणजे तंतोतंत आहे ते...”

“ते आजारी.”

तो तसाच बहिणीच्या घरी गेला. वाटभर वाटत होतं, आता बहीण दारातच झाडणार. तर ती म्हणाली, “ये दादा! बरं केलंस हिला चार दिवस घरी बसवलंस. डोळे दुखतायत, मामानेच विश्रांती घ्यायला लावली, म्हणाली मला. किती जपतोस रे तिला!”

आत भाची भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही. आपण ओकलेलं विष पोरीने या घरात शिरूच दिलं नव्हतं. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली. त्याने बहिणीला सगळं जसं घडलं तसं सांगितलं आणि भाचीपुढे हात जोडले. “चुकलो गं. नळ्या बरोबर होत्या, मीच नासका. परत ये.”

भाचीने भाजीची काडी मोडली. “येईन,” म्हणाली.

आणि ती आली, वेळेवर. हातमोजे चढवले, नळ्या मांडल्या, प्रत्येक नळीचं बूड न सांगता त्याच्यापुढे धरलं. काम चोख, कुठे बोट ठेवायला जागा नाही. त्याने गळ्यातली किल्ली काढून तिच्या टेबलावर ठेवली, म्हणाला, “ही तुझ्याकडेच राहू दे.” तिने ती उचलली, फ्रीझर उघडला, बंद केला, कुलूप ओढून बघितलं. मग परत येऊन किल्ली त्याच्या हातावर ठेवली.

“घ्या, सर,” ती म्हणाली.

त्याने तिला पहिल्या दिवशी सांगितलं होतं, अगदी तसंच.