एक दिवस आधी

गेली सतरा वर्षं मी वेबसाइट बनवते आहे. कुठलंही काम द्या, फक्त तारखांचं देऊ नका, असं आता मी सरळ सांगते. लोकांना वाटतं, आळस करते.

जबलपुरातल्या एका तपासणी केंद्राचं काम माझ्याकडे होतं. सोनोग्राफी, रक्त, असं सगळं. जबलपुरातल्याच गोरखपूर भागात आमच्या घराच्या वरच्या खोलीत बसून मी ते सांभाळायची. काउंटरवरची मुलगी पेशंटला दिवस आणि वेळ द्यायची, वेळ तोंडी सांगायची आणि नुसत्या तारखेचा मेसेज त्याच्या फोनवर जायचा. वर्षभर सुरळीत चाललं. मग डॉक्टर म्हणाले, "वेळ काढून टाका. वेळेवर येतं कोण? नुसता दिवस ठेवा, नंबर सकाळी देऊ." मी वेळ काढून टाकली. दहा मिनिटांचं काम. काउंटरच्या स्क्रीनवर तारीख बरोबर दिसली आणि मी दुसऱ्या कामाला लागले.

आठवड्याभराने दुपारी त्या मुलीचा फोन. "दीदी, लोग एक दिन पहले आ रहे हैं. मेरी स्क्रीन पर चौदह है, इनके मेसेज में तेरह लिखा है."

ऐकताक्षणी कळलं. राग आला नाही, भीतीही वाटली नाही. नुसतं खुर्चीत आणखी खाली सरकावंसं वाटलं. वेळ न दिलेली तारीख म्हणजे कॉम्प्युटरच्या लेखी त्या दिवसाचे मध्यरात्रीचे शून्य वाजलेले. सर्व्हर मात्र ग्रीनिचच्या घड्याळाने चालतो, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. आपल्याकडे चौदा तारीख लागते तेव्हा तिथे तेराची संध्याकाळ असते. स्क्रीन ते साडेपाच तास परत मिळवून दाखवत होता. मेसेज पाठवणारा माझा कोड मिळवत नव्हता. पूर्वी सकाळी दहा, अकरा अशा वेळा असायच्या, त्यामुळे मागे जाऊनही दिवस तोच राहायचा. तारीख नुसती तारीख म्हणून साठवायची असते, हे मी नव्या लोकांना शिकवलेलं आहे.

दुरुस्ती लगेच झाली. फोन ठेवण्याआधी ती मुलगी म्हणाली, "सुबह सिहोरा से एक अंकल-आंटी आए थे, आप ही के जैसे मराठी. भूखे पेट. फोन घर पर छूट गया था, हाथ में पर्ची थी, तेरह लिखी हुई. मैंने बोल दिया, आपने गलत लिख लिया." मग हळूच, "आंटी ने उनको बहुत सुनाया, दीदी."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी केंद्रावर गेले. ते दोघं पुन्हा पहिल्या बसने आले होते, पुन्हा उपाशीपोटी. काका निवृत्त शिक्षक. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. मी त्यांच्यासमोर उभी राहून म्हणाले, "काका, तुम्ही चिठ्ठीवर बरोबरच लिहिलं होतं. मेसेजच चुकीचा गेला. चूक माझी आहे."

त्यांनी माझ्याकडे नाही, काकूंकडे पाहिलं. "ऐकलं?"

"ऐकलं ना," काकू म्हणाल्या आणि पदर सारखा करत बसल्या.

"काल दिवसभर मी एकच विचार करून राहिलो होतो, बेटा," काका म्हणाले, "की मी तेरा काहून लिहिलं? फळ्यावर रोज तारीख लिहिण्यात जन्म गेला माझा." मग आवाज खाली आणून, "एक काम करशील? माझ्या मुलाला फोन लाव. हिनं काल त्याला सांगून टाकलं, बाबांना आता तारखा समजत नाहीत. तो म्हणून राहिला, सिहोरा सोडा, पुण्याला या. माझं तो ऐकणार नाही. तू इंजिनीयर आहेस, तू सांग."

मी व्हरांड्यात जाऊन फोन लावला. ग्रीनिच वगैरे काही न सांगता झालेली चूक सांगितली. मुलाने शांतपणे ऐकून घेतलं. "बरं झालं सांगितलंत, ताई. पण मी एवढ्यावरून नाही म्हणत. मागच्या महिन्यात गॅस दोनदा उघडा राहिला. आईनं ते तुम्हाला सांगितलं नसेल."

मी फोन ठेवला. आत आले तर काका उभेच होते. "मानला?"

"तारखेचं मानलं," मी म्हणाले.

त्यांनी मान डोलावली. तेवढ्यात त्यांचा नंबर पुकारला, आणि काकूंनी त्यांच्या हातातली पिशवी घेऊन त्यांना आत पाठवलं.

घरी येऊन मी त्या आठवड्याची यादी काढली आणि एकेकाला फोन करत सुटले. बरेच जण एक दिवस आधी येऊन परत गेले होते. तक्रार एकानेही केली नव्हती. प्रत्येकाला आपलंच चुकलं असं वाटलं होतं. घमापूरच्या एका बाईंची मी माफी मागितली, तर त्याच मला समजावायला लागल्या. "कोई बात नहीं बिटिया. मुझे लगा चश्मे का नंबर बढ़ गया. नया बनने डाल दिया है."

मी त्यांना सांगून पाहिलं, की बनवू नका, चश्म्याचा दोष नाही. त्या म्हणाल्या, अब डाल दिया तो डाल दिया. मी यादीतला पुढचा नंबर लावला.