फाटकाच्या बिजागऱ्या

कनेरगाव नाक्यावर थोरल्या भावाचं दुकान आहे. तो ट्रॉल्या आणि लोखंडी फाटकं बनवतो. वर्तमानपत्राची नोकरी सोडल्यावर मी त्याच्या मागच्या शेडमध्ये दोन माणसांचं विमान बांधायला घेतलं. शेड त्याची होती. हे तो विसरत नसे आणि विसरूही देत नसे.

विमानाच्या इंजिनावर फायबरग्लासचं झाकण असतं. दर उड्डाणाआधी ते उघडून आत पाहायचं असतं. हवेत मात्र ते उघडता कामा नये. उघडलं तर थेट समोरच्या काचेवर येतं. म्हणून कडेला सलग लांब बिजागरी लागते. एक पट्टी झाकणाला, दुसरी विमानाला. दोन्हींच्या कडेच्या बारीक नळ्या, म्हणजे डोळे, एकमेकांत बसवून आरपार तार घालायची. तार ओढली की झाकण मोकळं.

हिंगोलीत पेट्या बनवणाऱ्याकडे अशी बिजागरी मिळाली. तिचे डोळे पत्रा दुमडून केलेले होते. पकडीनं ओढल्यावर उलगडले. ती बाजूला टाकली आणि ॲल्युमिनियमची मागवली. तिचे डोळे पट्टीतूनच घडवलेले होते. पकड हरली.

ती बसवण्याआधी एका लग्नाला जावं लागलं. परत आले तर झाकणावर फाटकाच्या जाड लोखंडी बिजागऱ्या, नटबोल्टनं आवळलेल्या, वर हळदकुंकू. दुकानात चहा चालू होता.

"कशा हायेत?" दादानं विचारलं.

"काढाव्या लागतील."

"काहून? बाळापूरच्या गोदामाचं फाटक याच्यावरच हाय. बैलानं धडक देली तरी हललं न्हाई."

"फाटकाला इंजिनाचा थरथराट नसतो. सगळा भार या बोल्टांवर येईल आणि फायबर तिथंच तडकेल."

"तिला फुलाच्या बिजागऱ्या पाहिजेत, दादा," चहा पिणारा एक शेजारी म्हणाला. बाकीचे हसले.

दादा हसला नाही. "माह्या हाताचं काम काढशील तर शेड रिकामी कर."

मी पाना मागितला. कोणी दिला नाही. स्वतःचा आणला आणि सगळ्यांसमोर शेवटचा बोल्ट निघेपर्यंत थांबले नाही. बिजागऱ्या पुसून त्याच्या बाकावर ठेवल्या. तोवर चहा पिणारे पांगले होते.

बोल्टांची भोकं काचेच्या धाग्यांच्या कापडानं आणि राळेनं बुजवली. ठिगळं दिसतात. त्यावर रंग दिलेला नाही. नंतर पट्टी शिकंज्यांनी धरून रिव्हेट मारत गेले. दर थोड्या रिव्हेटांनंतर तार घालून पाहायची, कारण पट्टी केसभर तिरपी गेली तरी तार अडते. एकदा अडली. तेवढे रिव्हेट काढले, पुन्हा मारले. झाकण बसलं. मग शेड रिकामी केली.

गोरेगावजवळ मावशीचा शेळ्यांचा जुना गोठा मोकळा होता. पंख सोडवून विमान ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढवलं. दादा दुकानाबाहेर आला नाही. ट्रॉली त्याच्याच दुकानात बनलेली होती. मागचा फाळका तसल्याच लोखंडी बिजागऱ्यांवर झुलत होता. तिथं त्या योग्य होत्या.

रस्ता खड्ड्यांचा. गोठ्याशी पोचल्यावर आधी झाकण पाहिलं. तार जागची हललेली नव्हती. तेवढ्यात फोन वाजला.

"काई हललं का?" दादा.

"झाकण जागच्या जागी आहे."

"झाकणाचं कोन इचारून राहिलं? माह्या फाळक्याचं इचारलं."

"तोही नाही हलला."

"मंग?" तो म्हणाला.

"मग काही नाही," मी म्हणाले. "दोन्ही बरोबर आहेत. आपापल्या जागी."