शिवलिंगप्पांचा प्लॅस्टिकचा कठडा

सोलापूरच्या बाळीवेशीतल्या शिवलिंगप्पा म्हेत्रे यांनी नव्या घराच्या गॅलरीला प्लॅस्टिकचा कठडा बसवला, तेव्हा अख्ख्या गल्लीनं तोंडात बोट घातलं. प्लॅस्टिकची बादली लोकांना ठाऊक होती, चप्पल ठाऊक होती. पण ज्याच्या भरवशावर माणसानं वरच्या मजल्यावर उभं राहायचं, तेही प्लॅस्टिकचं? शेजारच्या सुंदरम्मा मान वर करून बराच वेळ बघत राहिल्या आणि "अय्यो, शिवने!" एवढंच म्हणून घरात गेल्या.

शिवलिंगप्पांना या नवलाचाच आनंद. त्यांचं पाइपांचं दुकान होतं. बहात्तरच्या दुष्काळानंतर अक्कलकोटकडचे शेतकरी लोखंड सोडून प्लॅस्टिकचा पाइप न्यायला लागले, ते बरंचसं या माणसाच्या जिभेच्या जोरावर. गंजत नाही, रंग मागत नाही, बाईमाणूससुद्धा खांद्यावर टाकून नेईल, असं ते दिवसभर सांगायचे. माणूस खोटा नव्हता, पाइप विकून त्यांनी कुणाला बुडवलं नव्हतं. पण एकच गोष्ट रोज दहा जणांना सांगितली, की सांगणाराच तिचा पहिला भक्त होतो. तसं त्यांचं झालं होतं.

सत्त्याहत्तर साली घर झालं. देवघर कुठं, चूल कुठं, यात त्यांच्या बायकोनं, नागव्वानं, एक शब्द काढला नाही. कठड्याबद्दल मात्र ती बोलली.

"लोखंडाचा करा. खाली शाबादी फरशी हाय. वरनं कुणी पडलं तर हाताला लागंल का?"

"लोखंड गंजतंय. दरसाल रंग कोण देणार?"

"मी देते की."

शिवलिंगप्पा हसले. लोखंड नको, सागवान नको. मुंबईहून मुद्दाम पांढरे पाइप मागवले, जाड पाइपाचे खांब सिमेंटात गाडले, त्यांत आडवे पाइप घातले आणि सांधे सोल्यूशननं चिकटवले. झाला कठडा. गिऱ्हाइकांना ते चहाला घरी आणायचे आणि कठड्यावर टिचकी मारून आवाज ऐकवायचे.

मग पुढच्या वर्षीचा मे महिना आला. सोलापूरचं ऊन कुणाची भीडभाड ठेवत नाही. एका दुपारी शिवलिंगप्पांनी सहज वरच्या पाइपावर तळवा टेकला. पाइप दबत होता. मधोमध चांगला झोल आला होता. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं, गॅलरीत कुणी नव्हतं. संध्याकाळी त्यांनी छपराच्या वाशावरून तारा सोडल्या आणि झोल वर उचलून बांधला. नागव्वानं विचारलं, तर म्हणाले, "जाईचा वेल चढवायचाय."

वेल काही आला नाही. तेव्हापासून हा गृहस्थ गॅलरीत गेला तरी भिंतीला पाठ लावून उभा राहायचा. टेकू नकोस, एवढंच बायकोला सांगायचं होतं. पण ते घरात सांगितलं, तर उद्या दुकानात कोणत्या तोंडानं बोलायचं? खरं पाहता शेतात गाडलेल्या पाइपाचं या कठड्यामुळं काहीएक बिघडत नव्हतं. पण माणूस एकदा हट्टाला पेटला, की त्याला एवढा सरळ हिशेबही सुचत नाही. रोज सकाळी ते ठरवायचे, आज सांगू. आणि रोज नागव्वा त्या कठड्याशी उभी राहून केस वाळवायची.

घट बसायच्या आधी आपल्याकडं घरोघर दसरा काढतात. घरातलं यच्चयावत अंथरूण-पांघरूण त्या दिवसांत धुऊन निघतं. त्यात वाकळ ही बाई मोठी भारी. जुन्या लुगड्यांचे थर शिवून केलेली, कोरडी असली तर मायेची, भिजली की दोघींनाही उचलत नाही. कठडा निवडताना पुरुषाला वाकळ आठवत नाही, कारण त्यानं ती जन्मात कधी पिळलेली नसते.

नागव्वा आणि सुंदरम्मांनी पाच वाकळा धुऊन वर नेल्या. खाली अंगणात शिवलिंगप्पा संगप्पा नावाच्या गिऱ्हाइकाला कठडा दाखवत होते. संगप्पा विहिरीसाठी पाइप घ्यायला आला होता. तेवढ्यात नागव्वानं वरून विचारलं,

"अहो, वाकळा कठड्यावर टाकू का?"

संगप्पा शिवलिंगप्पांच्या तोंडाकडं बघायला लागला. शिवलिंगप्पांनी वरच्या तारांकडं पाहिलं. पण जीभ सवयीची होती.

"टाक की! हत्ती बांधला तरी हलायचा न्हाय."

एक टाकली, दुसरी टाकली. तिसरी सारखी करायला नागव्वा पुढं वाकली, आणि वरच्या तारा तटातट तुटल्या. सांधे निखळले, कठडा बाहेर झुकला. आधी वाकळा आणि त्यांच्या मागोमाग नागव्वा खाली आली.

संगप्पा धावला. सुंदरम्मा ओरडत जिना उतरल्या. शिवलिंगप्पा जागचे हलले नाहीत. फरशीवर आधी ओल्या वाकळा पडल्या होत्या आणि नागव्वा त्या ढिगावर आपटली, म्हणून जीव वाचला. मांडीचं हाड मात्र मोडलं.

दवाखान्यात तिचा पाय वजन लावून टांगला होता. शिवलिंगप्पा उशाशी बसून होते. सकाळपासून त्यांनी पाण्याचा घोटही घेतला नव्हता. शेवटी त्यांनाच राहवेना.

"मला ठाऊक व्हतं गं," ते म्हणाले. "उन्हाळ्यापास्नं."

"मला बी ठाऊक व्हतं."

शिवलिंगप्पांना आधी कळलंच नाही. मग ते तिच्याकडं वळले.

"तुला? कसं?"

"मे म्हैन्यापास्नं तुमी भिंतीला पाठ लावून उभं ऱ्हाताय. मी आंधळी हाय का?"

"मग वाकळा टाकल्यास कशाला?"

नागव्वा छताकडं बघत होती. तिच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळं शिवलिंगप्पांना तो आवाज जास्तच सहन होईना.

"विचारलं की मी. म्हटलं, बायकोच्या जिवासाठी तरी आज न्हाय म्हणतील. तुमी टाक म्हणालात. मग टाकल्या."