परक्या घरातली घंटी

अमेरिकेच्या उत्तर टोकाला, आमच्या डुलुथच्या ऑफिसात आर्विड हाकालाइतका भिडस्त माणूस दुसरा नव्हता. कॉफी घेणार का विचारलं की दोनदा "नको, नको" म्हणणार, तिसऱ्यांदा विचारलं तरच कप पुढे करणार. इकडची सगळी मंडळी तशीच, पण आर्विड म्हणजे कहर होता.

त्याचं काम पॅकिंगचं. आमचं व्हिडिओ कॉलचं अ‍ॅप तो दोन तऱ्हांनी बांधायचा. एक स्वतंत्र, फोनवर घेतलं की चालू. दुसरं बिऱ्हाडकरू, म्हणजे दुसऱ्या कंपनीने आपल्या अ‍ॅपच्या पोटात बसवायचं, वर पाटी त्यांची. या बिऱ्हाडकरूला आर्विडने आपलेच संस्कार दिले. आमचं नाव काढलं, रंग काढला आणि घंटीसुद्धा काढली! मी टेस्टिंगवाली. मी भांडले.

"अरे, कॉल आलेला कळणार कसा?"

"कोपऱ्यात हिरवा ठिपका लुकलुकतो ना. घंटी ज्याची त्याने लावावी. परक्याच्या घरात आपण आवाज करू नये, रोंडा."

"मग तसं ठळक लिही तरी."

"लिहिलंय की. माहितीपुस्तिकेत, पान एकेचाळीस."

पान एकेचाळीस! कोण मेला वाचतो? आमचा साहेब मात्र खूश. गिऱ्हाइकाला असाच गुपचूप माल आवडतो, म्हणे.

आर्विडची आई लेम्पी एकोणनव्वद वर्षांची. सत्तर मैल उत्तरेला, खाणींच्या गावातल्या वृद्धाश्रमात असायची. आश्रमाने सगळ्या म्हाताऱ्यांना टॅबलेट दिले, त्यांच्या अ‍ॅपमध्ये आमचंच बिऱ्हाड. "आई माझं काम मांडीवर घेऊन बसते," असं तो सांगत सुटला होता. डोळ्यांत मोतीबिंदू, पण पोराचा चेहरा पडदाभर आला की तिला दिसायचा. कॉल नेहमी तिकडूनच यायचा, नर्स लावून द्यायची.

जानेवारीत म्हातारीने अंथरूण धरलं. दुसऱ्याच आठवड्यात, गुरुवारी सकाळी, डॉक्टरने सांगितलं, आजचा दिवस काढला तर नशीब. आर्विड गाडी घेऊन निघाला, पण हिमवादळाने हायवे बंद. अर्ध्या वाटेवरून परत फिरला तो थेट ऑफिसात आला.

"आईला माझा चेहरा एकदा बघायचाय गं. एवढंच."

दहा वाजल्यापासून तो कॉल लावत होता. एक, दोन, सात. कोणी उचलेना.

"झोपली असेल," तो म्हणाला.

"झोपली कसली! आश्रमाच्या ऑफिसात फोन कर."

"वादळात अर्धी माणसंसुद्धा पोचली नसतील तिथे. त्यांना कशाला त्रास?"

"त्रास गेला खड्ड्यात! दे इकडे, मी करते." मी फोन हिसकावला, तर त्याने माझं मनगट धरलं आणि म्हणाला, "प्लीज." आणि मी, जिच्या तोंडाला सगळं ऑफिस घाबरतं ती मी, गप्प बसले. ते अजून जळतं मला.

चारला आश्रमातून नर्सचा फोन आला. लेम्पी साडेतीनला गेली. आर्विडचा फोन मीच स्पीकरवर टाकला.

"झोपेत गेली ना?" त्याने विचारलं. त्याला फक्त "हो" ऐकायचं होतं.

"छे हो, टक्क जाग्या होत्या," बिचारी नर्स आपली सांत्वन करायच्या भरात सांगत सुटली. "सकाळी केस विंचरून घेतले माझ्याकडून, म्हणाल्या, आर्विडचा कॉल येईल. टॅबलेट मांडीवर, आवाज पुरता मोठा करून ठेवलेला. दर पाच मिनिटांनी विचारायच्या, वाजली का गं घंटी? वाजलीच नाही हो. शेवटी मीच म्हटलं, थांबा, मी लावते तुमच्या मुलाला फोन. तर माझा हात धरला त्यांनी. म्हणाल्या, नको गं बाई, कामात असेल तो. त्याला कशाला त्रास."