मुजिरानने काढलेला पाटा

मुजिरानचं घर आमच्या गावाच्या खालच्या वळणावर, मी चालवते त्या कॉफीच्या टपरीला लागूनच. गावची गाडी त्याच्याच अंगणात उभी असायची. मर्बाबू डोंगराच्या या उतारावर कुणाचं पोट दुखो की कुणाला कळा सुरू होवोत, लोक आधी मुजिरानच्या दारावर थाप मारायचे. तो जेवत असो वा आडवा झालेला, "आलो" म्हणायचा. इतकी वर्षं मी ते "आलो" ऐकलं, की त्यातली उमेद नेमकी कधी आटली तेही मला सांगता येणार नाही.

आधी तो भाजीचा ट्रक चालवायचा. बायको हातिन शेजारी बसायची; लांबच्या वाटेवर त्याचे डोळे मिटायला लागले की स्टिअरिंग तीच हातात घ्यायची. ट्रक विकला आणि गावाने त्याच्या हाती ही गाडी दिली. गाडी मुळात मालवाहू. मागच्या चाकांवर स्प्रिंगच्या जाडजूड लोखंडी पाट्यांची चळत, पोत्यांचं ओझं पेलण्यासाठीच केलेली. तिच्यात मागे खाट ठोकून तिला दवाखान्याची गाडी केलेलं. पण खाटेवर एक माणूस आणि शेजारी एक नातेवाईक, एवढ्याशा वजनाने ते पाटे दबायचेच नाहीत. रस्त्यातला प्रत्येक खड्डा थेट खाटेपर्यंत पोचायचा.

बू वार्सिना (वयस्क बाईला आमच्याकडे बू म्हणतात) तेव्हा दर आठवड्याला खाली शहरातल्या इस्पितळात जायची. एके काळी बाजारात मिरची विकणारी बाई, अख्ख्या बाजाराला पुरेल असा आवाज. आता तिच्या पाठीच्या कण्यात दुखणं बसलं होतं. गाडी हलली की तिचं तोंड सुरू.

"मुजिरान, मला इस्पितळात नेतोयस की उखळात घालून कांडतोयस?"

"हळूच चालवतोय, बू."

"हळू कांडलं तरी पीठच होतं रे मेल्या!"

तो हसून सोडून द्यायचा. पण एकदा ती जाताना काही बोलली नाही, येतानाही नाही. उतरवताना तिच्या मुलीने तिच्या तोंडातून शालीच्या टोकाचा बोळा काढला. चावून चावून त्याला भोक पडलं होतं. मुजिरान माझ्या टपरीवर येऊन बसला. त्याची कॉफी तशीच गार झाली.

"शिव्या देत होती तेव्हा बरं होतं," एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्वतःच त्या खाटेवर आडवा झाला आणि हातिनला म्हणाला, "चालव. पुलापर्यंत जा आणि परत ये. मी चालवतो तशीच."

"हे काय खूळ, पाक?" पुरुषमाणसाला मानाने पाक म्हणायची आमची रीत, ती नवऱ्यालाही तसंच म्हणायची.

"चालव म्हणतो ना."

गाडी परत आली तेव्हा तो दाराला धरून उतरला आणि गटाराशी जाऊन ओकला. मग पायरीवर बसून राहिला. हातिनने पाणी दिलं, ते त्याने नुसतं हातात धरलं.

"चालवणाऱ्याला खड्डा येताना दिसतो," तो म्हणाला. "अंग आपोआप सावरतं. तिथे पडलेल्याला नुसतं छप्पर दिसतं. आणि डोकं नेमकं मागच्या चाकांवर येतं."

आधी त्याने खाट उखडून होईल तेवढी पुढे सरकवून ठोकली. मग खाटेखाली वाळूची पोती टाकली. गाडी जरा बसली, धक्के थोडे बोथट झाले, पण चढाला ती रडायला लागली. शेवटी तो शहरात लेगिमिनकडे गेला. आमच्याकडे गाडीच्या चाकांवरच्या सगळ्या भागांना गाडीचे पाय म्हणतात, आणि नुसते पायच बघणारी गॅरेजं असतात. लेगिमिन त्यातलाच, मुजिरानच्या ट्रकच्या दिवसांतला ओळखीचा.

"पोती काढ आधी," लेगिमिन गाडीखालूनच ओरडला. "पाटे गंजून एकमेकांना चिकटलेत. सगळे मिळून एकच लोखंडाची पहार झालीय. पहारेवर झोपवतोस होय माणसांना?"

दोघांनी मिळून चळत सोडवली. पाटे घासले, मध्ये ग्रीस भरलं, आणि त्यातला एक जाड पाटा काढूनच टाकला. चिरलेले रबरी बुश बदलले, धक्के शोषणारे नवे नरम शॉकअप लावले. काढलेला पाटा मुजिरानच्या हातात देताना लेगिमिन म्हणाला, "आता हिच्यात फक्त माणसं. माल टाकलास तर कंबर मोडेल हिची."

पुढच्या खेपेला बू वार्सिना नेहमीसारखी चिडचिड करतच खाटेवर चढली. बाजारपेठ मागे पडली तरी मागून आवाज नाही. मुजिरानने गाडी बाजूला घेतली, मागचं दार उघडलं. मुलगी पेंगत होती, आणि बू वार्सिनाचं तोंड उघडं, मान कलंडलेली. त्याने घाबरून तिचा हात हलवला.

"थांबवलीस कशाला?" तिने एक डोळा उघडला. "किती दिवसांनी झोप लागली होती. चल, हाक!"

ही गोष्ट मला सांगताना तो हसला होता. त्या साऱ्या काळात तो तसा हसलेला मला दुसऱ्यांदा आठवत नाही.

कारण लगेच कोबीचा हंगाम आला. आमचे गावप्रमुख, पाक लुराह, माणूस वाईट नाही. पण गाडी रिकामी उभी दिसली की त्यांच्या जिवाला लागतं.

"गाडी गावची आहे, मुजिरान. आजाऱ्यांची आहे तशी कोबीचीही आहे."

कोबी भरला आणि पहिल्याच उतारावर मागचा एक्सल वर आदळला. लोखंडावर लोखंडाचा तो आवाज माझ्या टपरीपर्यंत आला. पाक लुराहांनी पाटा परत बसवायला सांगितला. मुजिरानने बसवला. इस्पितळाची खेप आली की काढला. कोबी आला की पुन्हा बसवला. जॅक लावायचा, उताणं पडायचं, गंजलेले बोल्ट सोडवायचे, डोळ्यांत माती. पन्नाशी उलटलेला माणूस. त्याचा उजवा खांदा धरला, हात वर जाईनासा झाला. कपडे घालायलाही हातिन लागायची.

"एक काय ते ठरवा," हातिन म्हणायची. "गाडीचे पाय नीट करता करता तुमचे हात जातील."

"ठरवणारा मी कोण?"

एका सकाळी पाक लुराह आले तेव्हा पाटा अंगणात पडलेला होता आणि मुजिरान त्याच्या शेजारी जमिनीवर बसलेला.

"झालं का बसवून? लोक शेतात थांबलेत."

"नाही बसवला."

"म्हणजे?"

"म्हणजे होत नाही आता, पाक. दुसऱ्या कुणाला सांगा. त्याने पाटा बसवला तर तो तसाच राहू दे, मग आजाऱ्यांनाही त्यानेच न्यावं. किल्ली घ्या."

तो आवाज चढवून बोलला नाही. तसं असतं तर पाक लुराहांना भांडता आलं असतं. त्यांनी किल्लीकडे बघितलं, आणि घेतली नाही. गाडीखाली शिरायला गावात दुसरं कुणी तयार नव्हतं. कोबी शेजारच्या गावाच्या ट्रकमधून गेला, उशिरा गेला, आणि थोडा सुकलाही. लोक चिडले. कोबी पिकवणारा पार्दी तर माझ्या टपरीवर सगळ्यांसमोर म्हणाला, "एका म्हातारीच्या झोपेसाठी सगळ्या गावाने नुकसान सोसायचं?" दोन घरांनी मुजिरानला जेवणाच्या आमंत्रणातून वगळलं.

हे बू वार्सिनाच्या कानावर गेलंच. पुढच्या खेपेला ती मागून म्हणाली, "बसव तो पाटा. माझे असे किती दिवस राहिलेत? गाव मला शिव्या देईल, आणि शिव्या द्यायचं काम माझं आहे."

"तुमच्यासाठी अडून नाही बसलो, बू," मुजिरान म्हणाला. "खरंच सांगतो. माझ्यात त्राण नाही उरलं."

ती म्हणाली, "मग बाजारावरून घे गाडी."

त्याने बाजारात गाडी उभी केली. मुलीने तिला उशीला टेकवून बसवलं. मागचं दार उघडं ठेवून तिने मिरचीवालीला जवळ बोलावलं, मूठभर मिरच्या हुंगल्या आणि असली शिळी मिरची विकायला लाज वाटत नाही का म्हणून तिच्याशी यथेच्छ भांडली. घरी आली तेव्हा तिचे गाल लाल झाले होते.

भात कापणीला आला तेव्हा ती गेली. घरच्या अंथरुणावर, मुलीचा हात धरून. मातीहून परतताना कुणीतरी मुजिरानला म्हणालं, "आता तरी बसव पाटा." त्याने तो बसवला नाही. थोड्या दिवसांनी पार्दीच्या बायकोला अवेळी कळा सुरू झाल्या आणि तीच गाडी तिला घेऊन खाली गेली. मूल वाचलं. पार्दी माझ्या टपरीवर येऊन बसला, कॉफी पिऊन निघून गेला. पाट्याचा विषय गावात पुन्हा कुणी काढला नाही.

मुजिरानचा खांदा मात्र सुधारला नाही. वर्षअखेरीला तो पाक लुराहांकडे गेला आणि म्हणाला, मी थकलो. त्यांनी विचारलं, मग चालवणार कोण? हातिन दारातच उभी होती. तेव्हापासून गाडी ती चालवते. सुरुवातीला म्हाताऱ्या बाया खाटेवर चढताना कुरकुरल्या, बाईच्या हाती जीव कसा द्यायचा म्हणून. आता कुरकुरत नाहीत.

मुजिरान दुपारी ओसरीवर झोपतो. कधी गाडी सुरू झाल्याच्या आवाजाने जागा होतो आणि पडल्या पडल्याच मला विचारतो, "कुणाला नेलं?" मी नाव सांगते. "बरं," म्हणतो, आणि कूस बदलून पुन्हा डोळे मिटतो.